एकतीस जून

‘ही तारीख अस्तित्वात नाही. कृपया योग्य तारीख भरा.’ हे वाक्य माझं आहे. पुढच्या नोकरीत मी पुष्कळ काही लिहिलं, पण इतक्या अनोळखी माणसांनी उभ्या उभ्या वाचलेलं माझं पहिलं लिखाण हेच. ते सुचायला मला अख्खी दुपार लागली होती. आधी मी नुसतं ‘चुकीची तारीख’ असं लिहिलं होतं. मग वाटलं, फॉर्म भरणारा वडीलधारा माणूस असेल, त्याला तोंडावर चूक कसं म्हणायचं? म्हणून ‘कृपया’ घातलं आणि चूक माणसावरून काढून तारखेवर ढकलली. स्वतःच्या सभ्यपणाचं मला फार कौतुक वाटलं. आठ-दहा दिवसांत त्याच वाक्याची मला भीती वाटायला लागली.

खरं सांगायचं तर त्या वर्षी मला सगळ्याचीच भीती वाटायची. कर्वेनगरातल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. चपला जिन्यातच काढायच्या, आत गार फरशी, सहा कॉम्प्युटर आणि त्यांच्यावर घरच्यासारखी कापडी आच्छादनं. मला लागून चार महिने झाले होते आणि सहा महिन्यांनी ठेवायचं की नाही ते ठरणार होतं. इंग्रजीत फोन आला की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायची. डबा उघडला की सुकटाच्या चटणीचा वास पसरेल म्हणून मी आईला बटाट्याची भाजीच दे असं सांगून ठेवलं होतं, आणि आई काही न विचारता रोज बटाटा द्यायची. त्या बटाट्याची मला आज जास्त लाज वाटते. पण तेव्हा तीही भीतीच होती आणि तिच्यावर दुसरा उपाय मला माहीत नव्हता.

सगळ्यात जास्त भीती बापट सरांची. ते आमचे वरिष्ठ. आवाज कधीच चढवायचे नाहीत, अहो-जाहो सोडायचे नाहीत आणि त्याच सुरात माणसाची सालं काढायचे. त्यांचा एक नियम होता. स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मशीनला लिहून दिलेल्या सूचनांत, नवी ओळ घातली, बदलली किंवा काढली, की तिच्यावर कारण लिहायचं आणि पुढे स्वतःची आद्याक्षरं. मशीन ती टीप वाचत नाही, फक्त माणसं वाचतात. “कोणी काय शेण खाल्लं हे पुढच्याला कळायला नको का?” असं ते म्हणायचे. मी भीतीपोटी सेमीकोलन बदललं तरी कारण लिहायची.

काम आलं होतं ते एका मोठ्या सरकारी वर्कशॉपचं. तिथल्या सगळ्या कामगारांची माहिती कॉम्प्युटरवर घ्यायची होती. नाव, गाव, शिक्षण, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची तारीख. त्यातले तारखांचे रकाने माझ्याकडे आले. आणि योगायोग म्हणा की काय म्हणा, माझे वडील, म्हणजे अण्णा, त्याच वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर, लोखंड कातायच्या मशीनवर, होते. मी हे ऑफिसात कोणाला बोलले नाही. अण्णांनी मात्र वर्कशॉपभर करून टाकलं होतं, “फॉर्म माझी लेक करतीय, साधी गोष्ट न्हाई.”

घरी आम्ही चौघं. अण्णा, आई, डिप्लोमाला असलेला धाकटा धम्मा आणि मी. येरवड्यातलं दोन खोल्यांचं घर, वर पत्रा. सकाळी जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि मधेच वारा असला की जेलचे टोले ऐकू यायचे. त्या टोल्यांवरच आमचं घर चालायचं. सहाच्या टोल्याला अण्णांची सायकल बाहेर. अण्णा बोलायचे कमी, पण कामाबद्दल बोलायला लागले की थांबायचे नाहीत. केसाच्या जाडीएवढा फरक त्यांच्या बोटाला कळायचा. त्यांच्या मशीनशेजारी एक लाल डबा असायचा. माप चुकलेला तुकडा त्यात टाकायचा आणि वर आपल्या नंबरची चिठ्ठी लावायची. “चुकला तर चुकला. डब्यात टाकायचा. खिशात घालून घरी आणणारे हायेत, ते कारागीर न्हवं,” असं जेवताना सांगायचे, आणि आई म्हणायची, “आधी ती भाकरी खा, ती चुकली नाही.”

त्या वर्षी मात्र जेवताना असं काही बोललं जात नव्हतं. वर्कशॉपमध्ये माणसं कमी करणार अशी बोलवा होती. स्वेच्छानिवृत्तीचे कागद वाटले जात होते आणि त्यात स्वेच्छा कोणाची हे सगळ्यांना माहीत होतं. आणि या नव्या फॉर्मची एक अफवा उठली होती. ज्यांचे कागद जुळणार नाहीत त्यांची वेगळी यादी होणार, आणि यादीतले आधी घरी जाणार. मी अण्णांना छातीठोकपणे सांगायची, असं काही नसतं, फॉर्म म्हणजे नुसता फॉर्म. मला काय ठाऊक होतं म्हणा.

माझी स्क्रिप्ट पहिल्यांदा बापट सरांनी पाहिली तेव्हा त्यांनी जन्मतारखेत एकतीस फेब्रुवारी टाकली. फॉर्मनं ती निमूट घेतली आणि खाली तीन मार्च असं दाखवलं. मशीन भिडस्त असतं. नसलेली तारीख दिली तर ते नाही म्हणत नाही, जास्तीचे दिवस मोजून पुढच्या महिन्यात सरकवतं. मला हे माहीत नव्हतं. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “तुमच्याकडे फेब्रुवारीला एकतीस दिवस असतात वाटतं. आमच्याकडे अजून जुनंच कॅलेंडर आहे.” बाकीचे हसले. माझे कान तापले. त्या दिवशी मी जेवले नाही, पण संध्याकाळपर्यंत तोडगा काढला. मशीननं बनवलेली तारीख परत वाचायची आणि माणसानं भरलेल्या आकड्याशी ताडून बघायची. जुळली नाही, की माझं ते सभ्य वाक्य पडद्यावर. सरांनी दहा खोट्या तारखा टाकून पाहिल्या. दहाही अडल्या. “बरं आहे,” म्हणाले. पुण्यात याला शाबासकी म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी अण्णांनी पत्र्याची पेटी खाली काढली. वर्कशॉपमध्ये चाचणी होणार होती, आमच्याच कंपनीची माणसं येणार होती आणि प्रत्येकानं शाळा सोडल्याचा दाखला आणायचा होता. आई चुलीपाशी बोकडाची वजडी धूत होती. अण्णांनी दाखला उलगडून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “बघ गं सुजा, सगळं हाय का.” घड्यांवर फाटलेला, मागून पतंगाचा कागद चिकटवलेला तो दाखला. मी तो पहिल्यांदाच बघत होते. आमच्या घरी वाढदिवस हा प्रकार नव्हता, त्यामुळे अण्णांची जन्मतारीख मी कधी विचारलीच नव्हती. जन्मतारखेच्या रकान्यात आकड्यांत लिहिलं होतं ३१, पुढे ६, आणि खाली वळणदार अक्षरात, एकतीस जून.

मी दोनदा वाचलं. मग अण्णांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं.

“नोकरीला लागल्यावर कळलं मला,” ते हळूच म्हणाले. “तवर सर्व्हिस बुकात चढली होती. दुरुस्त करायला गेलो तर हेडक्लार्क म्हणाला, गप बस. तारीख बदलून मागणारा लबाड समजतात, चौकशी लागंल. मग गप बसलो. तीस वर्षं कोणी बघितलं न्हाई.” मग म्हणाले, “मशीन घेईल ना गं?”

मी म्हटलं, “घेईल.” वजडी धुता धुता आईचे हात थांबले होते. ते परत चालू झाले.

त्या पिढीच्या खेड्यातल्या माणसांच्या तारखा अशाच असायच्या, हे आज मी घरातल्या मुलांना सांगते तेव्हा त्यांना खरं वाटत नाही. जूनमध्ये शाळा भरायची. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग गुरुजी एक जून ही तारीख आणि अंदाजाचं साल टाकून मोकळे. लोणी काळभोरच्या पलीकडच्या अण्णांच्या गावातही वर्गातल्या सगळ्या पोरांना एक जूनच मिळाला होता. पण आमची पोरं वर्गात नव्हती, दाराबाहेर बसायची. त्यांच्यासाठी गुरुजी तेवढाही विचार करत नसत, मनात येईल ते लिहीत. माझ्या वडिलांना त्यांनी वर्षात नसलेला दिवस दिला.

सोमवारी ऑफिसात मी जन्मतारखेच्या रकान्यात अण्णांची तारीख टाकली. माझं वाक्य आलं. ही तारीख अस्तित्वात नाही. मी खिडकी बंद केली, परत टाकली, परत तेच. तीन दिवस मी घरी धड बोलले नाही आणि ऑफिसात धड बसले नाही. यादी डोळ्यांसमोर यायची, तिच्यात अण्णांचं नाव पहिलं. धम्माचं दीड वर्ष राहिलं होतं, माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. सरांना विचारावं असं दहा वेळा मनात आलं. पण विचारायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे दाराबाहेरची गोष्ट त्या गार फरशीवर मांडायची. ते माझ्यानं होत नव्हतं.

गुरुवारी सर बाहेर गेलेले असताना मी एक ओळ घातली. दिवस एकतीस आणि महिना सहा असेल तर ताडून न बघता पुढे जाऊ दे. एवढंच. आणि सवयीनं, भीतीच्या सवयीनं, तिच्यावर कारण लिहिलं, जुन्या दाखल्यांसाठी. पुढे माझी आद्याक्षरं.

चाचणी वर्कशॉपच्या कँटीनमध्ये होती. टेबलं बाजूला सारून तीन कॉम्प्युटर मांडले होते. चहाचा, तेलाचा आणि ओल्या गणवेशांचा वास. मधल्या मशीनवर मी बसले, मागे बापट सर उभे, बाजूला पर्सोनेल ऑफिसर एक कोरा कागद घेऊन. त्या कागदावर वर नुसतं ‘वेगळी यादी’ लिहून खाली रेघ मारलेली होती. म्हणजे अफवा खरी होती. पहिला अर्धा तास सगळे एक जूनवाले आले आणि गेले. आणि मग समोर काशीनाथकाका आले.

काशीनाथकाका म्हणजे अण्णांच्या गावचे, अण्णांच्या शेजारच्या मशीनवरचे. माझ्या लहानपणी दर दिवाळीला त्यांच्या घरून करंज्या यायच्या. मला बघून ते हसले, “सुजा, नीट भर हं बाई, काकाला ढकलू नको.” त्यांनी दाखला पुढे केला. एकतीस एप्रिल.

एप्रिल. मला हे सुचलंच नव्हतं. दोघं एकाच दाराबाहेर बसलेले, एकाच गुरुजींच्या हातचे, आणि मी फक्त आपल्या बापाचा आकडा तेवढा सोडवून आले होते. बोटं थांबली. ऑफिसर म्हणाले, “भरा की, थांबलात काय?” मी भरलं. माझं वाक्य पडद्यावर आलं. काशीनाथकाकांना वाचायला वेळ लागायचा. ते पुटपुटत, एकेक शब्द लावत वाचत होते, “ही... तारीख... अस्तित्वात... नाही.” मग मला म्हणाले, “म्हणजे काय गं?” मी वर बघितलं नाही. ऑफिसरनी कागदावर त्यांचं नाव लिहिलं, पुढे १ आकडा घालून.

त्यांच्यामागे अण्णा उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी दाखला माझ्यापुढे ठेवला, अनोळखी माणसासारखा. मी ३१ भरलं, ६ भरलं, साल भरलं. फॉर्मनं काही कुरकुर केली नाही, पुढचा रकाना उघडला. मी मनात म्हटलं, आता जा. अण्णा, जा आता. पण ते हलले नाहीत. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मला सोसला असता.

“साहेब,” ते ऑफिसरना म्हणाले, “माझीबी तारीख चुकीची हाय.”

“घेतलीय की मशीननं.”

“घेतली. पण जूनला तीसच दिवस असतात.”

कोणीतरी खुदकन हसलं. ऑफिसरनी वाकून पडदा पाहिला, मग वळून बापट सरांना विचारलं, “काय हो, तुमचं मशीन माणूस बघून तारीख घेतं का?” मला वाटलं, संपलं. अण्णांचीही नोकरी गेली आणि माझीही. सर माझ्या पाठीमागे होते, मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त आवाज आला, नेहमीचा, न चढलेला, “चाचणी आहे साहेब. चुका सापडाव्यात म्हणूनच घेतो.” ऑफिसरनी यादीत अण्णांचं नाव लिहिलं. अण्णा जाऊन काशीनाथकाकांच्या शेजारी बाकावर बसले.

परत जाताना सर आणि मी एकाच रिक्षात होतो. पुलावर आल्यावर म्हणाले, “ती ओळ कोणी घातली हे मी विचारणार नाही. निघताना स्क्रिप्ट उघडून पाहिली, तुम्हीच लिहून ठेवलंय. चोरी करून वर पावती फाडणारा चोर मी पहिल्यांदा पाहिला.” मी रडायला लागले. रडत रडतच सगळं सांगितलं, दाखला, गुरुजी, कान, दार. कधी नव्हे ते त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. शेवटी मी म्हटलं, “सर, दोन रकाने ठेवू या. एक दाखल्यावरची तारीख, जशी असेल तशी, तिला काही तपासणी नको. आणि दुसरा, ऑफिसनं मान्य केलेली.” ते म्हणाले, “हे गुरुवारी सुचलं असतं तर माझी आजची दुपार वाचली असती.” माझं कायम होणं त्यांनी तीन महिने पुढे ढकललं. दोन रकाने मात्र झाले.

यादीचं पुढे काय झालं असं कोणी विचारेल. पाच-पंचवीस जण होते त्यात. सगळ्यांकडून प्रतिज्ञापत्र घेतलं आणि विषय मिटला. आस्थापनेतला एक म्हातारा क्लार्क तर अण्णांना हसलाच. सरकारी नियमानं महिन्याच्या अखेरीस निवृत्त करतात, आणि पहिल्या तारखेला जन्मलेल्याला आदल्या महिन्याच्या अखेरीस. तेव्हा तीस जून धरा नाहीतर एक जुलै, दोन्हीकडून तीस जूनलाच घरी. काशीनाथकाकांचंही तसंच. ज्या गोष्टीनं मी आठवडाभर जिवंतपणी मेले होते, ती त्यानं तंबाखू मळता मळता सोडवली. कोणाला तरी विचारायला हवं होतं, एवढंच. पण हे कळलं महिनाभरानं. त्या संध्याकाळी हातात काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी मी घरी आले तेव्हा अण्णा सायकल पुसत होते. आईला सगळं समजलेलं दिसत होतं. ती भाकरी थापत होती, नेहमीपेक्षा जोरात. मी उंबऱ्यावर बसले. विचारलं, “अण्णा, तुम्हाला भीती नाही वाटली?”

“वाटली की.” त्यांनी फडकं पिळलं. “शाळेत घालताना कान धरायला लावला ना, तवा माझा हात पोचला. काश्याचा पोचंना. मग त्यानं मानच वाकडी केली. मी बघितलं, पण गुरुजींना बोललो न्हाई.” ते स्वतःशीच हसले. मग हसू गेलं. “चार वर्षं दाराबाहेर आम्ही दोघंच होतो, सुजा. पाऊस आला की एका पोत्याखाली. आता त्याला बाहेर ठेवून मी एकटा आत जाऊन बसू?”

आईनं आतून हाक मारली. ताटात सुकटाची चटणी होती. मी तिला सांगितलं, उद्या डब्यालाही हीच दे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या मी ती ओळ काढली. काढलेल्या ओळीचंही कारण लिहावं लागे. मी रोमन अक्षरांत मराठीतच लिहिलं, ‘काशीनाथकाका बाहेर बसले होते.’ पुढे आद्याक्षरं. बापट सरांनी संध्याकाळी ते वाचलं, माझ्यासमोरच. चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.